प्लॅनवरचा पहिला नंबर

काटेवाले एक नंबरवर आले त्या दिवशी त्यांनी बाजारातल्या तीन दुकानांचे वजनकाटे फुकट तपासून दिले, चौथ्या दुकानदाराला मिठी मारली आणि पाचव्याच्या काट्यात चाळीस ग्रॅमची लबाडी सापडली तरी त्याला नुसतं "असं करू नये हो" एवढंच म्हणाले. एरवी चाळीस ग्रॅमसाठी त्यांनी त्या माणसाला बाजारातून मान वर करून चालू दिलं नसतं.

एक नंबर कशाचा, ते आधी सांगायला हवं. काटेवाले सोमवार ते शनिवार लोकांचे वजनकाटे दुरुस्त करत आणि रविवारी उपदेश करत. मेथडिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांची ही जुनी पद्धत. पाळक म्हणजे पूर्णवेळ धर्मगुरू थोडे, चर्चं फार. मग एका भागातली दहा-बारा चर्चं मिळून एक सर्किट करायचं आणि पाळकांच्या जोडीला साधी माणसं उपदेशाला उभी करायची. कोणी शिंपी, कोणी शिक्षिका, कोणी काटेवाला. कोणत्या रविवारी कोणी कुठे जायचं याचा एक मोठा कागद दर तीन महिन्यांनी छापला जातो. त्याला म्हणतात प्लॅन. डावीकडे चर्चांची नावं, वर रविवारच्या तारखा आणि मधल्या चौकटींत नुसते आकडे. कारण प्रत्येक उपदेशकाला एक नंबर असतो आणि तो ज्येष्ठतेने मिळतो. ज्येष्ठता वयाची नाही, शिक्षणाची तर अजिबात नाही. परीक्षेचा पहिला उपदेश ज्या तारखेला पास झाला, ती तारीख धरायची. एकदा खाली नाव लागलं की वर सरकायला एकच जागा होते, ती म्हणजे वरचा माणूस देवाघरी गेल्यावर.

काटेवाले सुरुवातीला एकोणीस नंबरवर होते. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी वरच्या अठरा जणांना पोहोचवलं. प्रत्येक अंत्यविधीला ते मनापासून रडले, शवपेटीला खांदा दिला, घरच्यांना धीर दिला. आणि प्रत्येक वेळी घराच्या दारातच बायको विचारायची, "कितवा नंबर झाला?"

"तेरावा," काटेवाले डोळे पुसत सांगायचे.

शेवटची अकरा वर्षं ते दोन नंबरवर अडकले. एक नंबरवर मोठे मास्तर होते आणि त्यांनी वयाच्या नव्वदाव्या वर्षी रोज सकाळी भरभर चालायला जायचं मनावर घेतलं होतं. शहाण्णवाव्या वर्षी मास्तर झोपेत शांतपणे गेले. काटेवाल्यांनी दोन रुमाल भिजवले. दारात बायकोने या वेळी काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. काटेवाल्यांनी एक बोट वर केलं आणि मग लाज वाटून खाली घेतलं.

बरोबर तेवीस दिवसांनी राष्ट्रीय परिषदेत मतदान झालं आणि देशातल्या दोन मेथडिस्ट मंडळ्या एक झाल्या.

बातमी दुकानात आणली किराणावाल्याने. त्याचा काटा टेबलावर उघडा पडला होता आणि काटेवाले चिमट्यात धरून स्प्रिंग बसवत होते.

"काय काटेवाले, तुमचं आणि समोरच्यांचं जमलं म्हणे. रेडिओवर सांगितलं."

"जमलं!" काटेवाल्यांनी चिमटा उंचावला. "सतरा वर्षं बोलणी चालली होती."

"सतरा? आमच्या धाकटीचं आठवड्यात जमलं."

"तिथे दोघंच होती. इथे दोन लाख आहेत."

"मुळात तुमचं फाटलं कशावरून?"

हा प्रश्न काटेवाल्यांना विचारला की घरी उशिराचा निरोप पाठवावा लागतो, हे किराणावाल्याला ठाऊक नव्हतं. काटेवाल्यांनी स्प्रिंग खाली ठेवली, टेबलाच्या एका कडेला किलोचं वजन मांडलं, दुसऱ्या कडेला छोट्या वजनांची रांग लावली आणि सुरू झाले.

"हे मोठं वजन म्हणजे पाळकांची परिषद. ही बारकी म्हणजे आपण सभासद. सव्वाशे वर्षांपूर्वी मिशनरी आले, त्यांनी मूळ मेथडिस्ट मंडळी काढली. माणसं चांगली, पण सगळं ठरवायचं यांनी. आपल्याला मत नाही. एके वर्षी यांनी ठरवलं, चर्चमध्ये ऑर्गन घ्यायचा. लोक म्हणाले, आम्हाला विचारलंत? हे म्हणाले, ऑर्गन वाजवायला मत कशाला लागतं? झालं! पाचशे माणसं उपासना चालू असताना उठली, बाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि समोर आपलं चर्च बांधलं. सभासद मेथडिस्ट मंडळी! प्रत्येकाला मत आणि ऑर्गन बंद. मग गावोगाव तेच. जिथे त्यांचं एक, तिथे समोर आपलं एक. अजून दोन छोट्या मंडळ्या रुसून बसल्या होत्या, त्याही वाटेत आपल्याला येऊन मिळाल्या."

"म्हणजे भांडण ऑर्गनचं नव्हतंच."

"मताचं होतं! पण मत दिसत नाही ना. ऑर्गन दिसतो. म्हणून राग त्याच्यावर."

"आणि आता त्यांनी सभासदांना मत दिलं, म्हणून एक होताय?"

काटेवाल्यांनी किलोचं वजन थोडं मागे सरकवलं. "मत त्यांनी बासष्ट वर्षांपूर्वीच दिलं."

किराणावाला म्हणाला, "मग बासष्ट वर्षं करत काय होता?"

"समोरासमोर राहून एकमेकांची चौकशी करायची राहून गेली," काटेवाले म्हणाले. "पण आता बघा! एकच राष्ट्रीय मेथडिस्ट मंडळी! पहिलं गाणं ऑर्गनवर, दुसरं ऑर्गनशिवाय. हे वाक्य ठरायलाच चार वर्षं लागली. एक परिषद, एक गीतपुस्तक, एक प्लॅन!"

"एक प्लॅन," किराणावाला म्हणाला. "म्हणजे एक नंबर पण एकच?"

स्क्रूड्रायव्हर काटेवाल्यांच्या हातून सुटला आणि शेजारच्या दुरुस्त झालेल्या काट्यात जाऊन पडला. काटा म्हणाला, साठ ग्रॅम.

आता हा नुसत्या आकड्याचा प्रश्न असता तर काटेवाल्यांनी मोठं मन केलं असतं, निदान केल्यासारखं दाखवलं असतं. पण एकीकरणाच्या योजनेत एक कलम होतं. नव्या मंडळीच्या पहिल्या रविवारी, प्रत्येक सर्किटच्या मोठ्या चर्चमध्ये, सकाळचा पहिला उपदेश पाळक करणार नाही. साध्या सभासदांच्या मतासाठी फूट पडली होती, तेव्हा तो मान साध्या उपदेशकाचा. एकत्र यादीतल्या एक नंबरचा.

आणि काटेवाल्यांकडे उपदेश तयार होता. आज नाही, एकीकरणाची पहिली कुजबुज झाली तेव्हापासून तयार होता. सतरा वर्षं ते तो लिहीत होते. एकतीस पानं झाली होती, त्यातली नऊ पानं नुसती सुरुवातच होती. बायकोला तो इतका पाठ झाला होता की भांडी घासताना ती पुढचं वाक्य आधीच म्हणायची आणि काटेवाले चिडायचे.

"समोरच्यांचा एक नंबर कोण, माहीत आहे ना?" त्याच संध्याकाळी बायको म्हणाली.

"कोण?"

"नर्सबाई."

काटेवाले गिऱ्हाइकाच्या मोठ्या काट्यावर मटकन बसले. काट्याने एकाहत्तर किलो दाखवलं.

नर्सबाईंना कोण ओळखत नव्हतं? अर्ध्या शहराला त्यांनीच पहिली चापट मारून रडवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला नंतर. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी रस्त्यात चाळिशीच्या बाप्याला थांबवून "काय रे, उलटा आला होतास तू, आता नीट चालतोस ना?" असं विचारायच्या. उपदेशही तसाच. वीस मिनिटं, मुद्द्याचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याला वाटायचं की आपला आत्ताच जन्म झाला आहे आणि कुणीतरी पाय धरून उलटं टांगलं आहे.

"तारीख काय त्यांची?"

"तुमच्याच वर्षातली, मे महिन्याची. आणि तुमची जूनची. बाजारात सांगत फिरतायत, महिन्याने का होईना, मीच मोठी."

"उतरा आता तिथून," ती पुढे म्हणाली, "स्प्रिंग बसेल त्याची."

काटेवाले उतरले. पण त्यांच्या मनात एक तिसरी तारीख फिरायला लागली होती. ती त्यांनी त्रेचाळीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा नाही.

त्यांची परीक्षा मुळात जूनमध्ये नव्हतीच. फेब्रुवारीत होती, शेजारच्या गावातल्या चर्चमध्ये. तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते, अंगात थोरल्या भावाचा कोट होता आणि खिशात उपदेश. बस वाटेत बंद पडली. धावतपळत गावात पोहोचले, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन चर्चं. दोन्हींचा गवंडी एकच, नकाशा एकच, रंग एकच. कोपऱ्यावरच्या माणसाला विचारलं, मेथडिस्ट चर्च कुठलं? तो खरं तेच म्हणाला, "दोन्ही." काटेवाल्यांनी घाईत उजवीकडचं दार ढकललं.

आत सगळं झालं होतं. गाणी झाली, वाचन झालं, लोक गप्प बसून उपदेशकाची वाट बघत होते. मागच्या खोलीत एका म्हाताऱ्याने विचारलं, "आजच्या परीक्षेला तुम्हीच का?" हे म्हणाले, "मीच." त्याने पाठीवर हात ठेवून सरळ पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या उंच मंचावर, ढकललं. आणि काटेवाले असे बोलले, असे बोलले, की स्वतःलाच ओळखू येईनात. एक बाई रडली. एक म्हातारा भर उपासनेत "वा!" म्हणाला. शेवटचं वाक्य संपलं, त्यांनी डोळे मिटले, आणि मागून अख्खं चर्च हादरवत ऑर्गन सुरू झाला.

ऑर्गन! समोरच्यांच्या पुलपिटावर उपदेश केलेल्या माणसाला तेव्हा वर्षभर प्लॅनवरून काढून टाकत. काटेवाले तीन पायऱ्या एका उडीत उतरले, मागच्या दाराने पळाले आणि दोन मैल पळतच राहिले. रस्त्यापलीकडे आपल्या चर्चमध्ये परीक्षक वाट बघत बसले होते. त्यांना सांगितलं, ताप आला होता. जूनमध्ये पुन्हा तारीख मिळाली. त्या दिवशी आवाज बसला आणि शेरा मिळाला: "ठीक."

ठीक! त्या एका शब्दावर काटेवाल्यांनी त्रेचाळीस वर्षं काढली होती. फेब्रुवारीत आपण पास झालो की नापास, हे मात्र त्यांना कधीच कळलं नाही. निकाल ऐकायला ते थांबले कुठे होते?

यादी ठरवायची सभा शनिवारी दुपारी भरली, ऑर्गनवाल्यांच्या चर्चमागच्या हॉलमध्ये. लाकडी घडीच्या खुर्च्या, बसताना बोट सापडलं तर आयुष्यभर लक्षात राहतील अशा. डावीकडे बिनऑर्गनचे, उजवीकडे ऑर्गनवाले, मध्ये चहाच्या भांड्याएवढं अंतर. काटेवाल्यांची बायको मागच्या रांगेत विणकाम घेऊन बसली होती. पुढे टेबलाशी नवे पाळकसाहेब. वय तिशीचं, राष्ट्रीय परिषदेने नुकतेच पाठवलेले, आणि आपल्याला इथे नेमकं का पाठवलं याचा विचार करत असल्यासारखा चेहरा. त्यांच्या शेजारी ऑर्गनवाल्यांचे चिटणीस, समोर दोन्ही बाजूंच्या शेऱ्यांच्या वह्या.

"कलम अकरा," पाळकसाहेबांनी वाचलं. "ज्येष्ठता ही दोन्हींपैकी कोणत्याही मंडळीत उत्तीर्ण झालेल्या पहिल्या परीक्षेच्या उपदेशाच्या तारखेपासून धरली जाईल. आता सर्वांत जुन्या दोन तारखा अशा. काटेवाले, अठरा जून. नर्सबाई, चौदा मे, त्याच वर्षीची. म्हणजे एक नंबर नर्सबाई. कुणाची हरकत?"

काटेवाल्यांच्या बाजूला खुर्च्या कुरकुरल्या, पण तारखेपुढे कोण बोलणार? काटेवाल्यांनी मान खाली घातली. एकतीस पानं कोटाच्या आतल्या खिशात फुगून बसली होती.

"माझी हरकत आहे," नर्सबाई उठून म्हणाल्या.

पाळकसाहेब दचकले. "बाई, तुम्ही जिंकलात."

"ते कळलं मला. पण चुकीच्या तारखेने जिंकणार नाही मी. मे महिना कसला? माझी तारीख अकरा फेब्रुवारी होती. वाचा ते पान. सगळ्यांसमोर वाचा."

"बाई, त्याची गरज—"

"चिटणीस, तुम्ही जन्मलात तेव्हा पण असाच वेळ लावला होता. वाचा."

चिटणिसांनी वही उघडली. पानं पिवळी पडली होती, शाई तपकिरी झाली होती. ते वाचू लागले, "अकरा फेब्रुवारी. आजच्या परीक्षेच्या उमेदवार बाई एका प्रसूतीत अडकल्याने वेळेवर येऊ शकल्या नाहीत..."

"जुळी होती!" नर्सबाई सभेला म्हणाल्या. "दुसरं पोर यायलाच तयार नव्हतं. मी तिथून पायात एकच चप्पल घालून धावत आले, तर लोक बाहेर पडतायत. म्हणे, तुमच्या जागी दुसरा येऊन बोलून गेला. कोण दुसरा? कुणाला नाव माहीत नाही! माझा उपदेश एका अनोळखी पोराने खाल्ला आणि मला तीन महिने थांबावं लागलं. त्रेचाळीस वर्षं शोधतेय मी त्याला. पुढे वाचा."

काटेवाल्यांनी कोटाच्या खिशावर हात दाबला. आपण कुणाच्या तरी जागी बोललो होतो, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

चिटणिसांनी चष्मा नीट केला. "तेवढ्यात एक तरुण आला, त्याला पालकांकडून... नाही, पाळकांकडून पाठवले असेल असे समजून उभे केले. कोट अंगापेक्षा मोठा, आवाज कोटापेक्षा मोठा. हरवलेल्या मेंढरावर बोलला. तिन्ही परीक्षकांचे एकमत: उत्तीर्ण. शेरा: उत्तम. गेल्या वीस वर्षांत या पुलपिटावरून असा उपदेश झाला नाही. मात्र ऑर्गन सुरू होताच तरुण पळून गेला. नाव विचारायचे राहिले."

 आता इथे शहाणा माणूस काय करील? गप्प बसेल. काटेवाल्यांनी हलकेच नर्सबाईंकडे पाहिलं. त्या हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि त्या पोराला शोधायची त्यांची त्रेचाळीस वर्षांची तयारी चेहऱ्यावर दिसत होती. गप्प बसण्यात सगळं होतं: अब्रू, शांतता, बायकोचा विश्वास आणि बहुधा दोन्ही कान.

पण "उत्तम"! वीस वर्षांत असा झाला नाही! हे कुणीतरी शाईने लिहिलं होतं, तिघांनी सही केली होती, आणि ते त्रेचाळीस वर्षं एका कपाटात पडून होतं, तेव्हा इकडे काटेवाले "ठीक" घेऊन जगत होते! खुर्ची धाडकन मिटली आणि काटेवाले उभे होते.

"तो मी!" ते ओरडले. "तो मीच! तो कोट माझ्या भावाचा! पुन्हा वाचा ते शेवटचं! जरा मोठ्याने!"

एकच गलका झाला. डावीकडचे म्हणाले, खोटं. उजवीकडचे म्हणाले, खरं, हा आवाज तोच. एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत उठल्या आणि म्हणाल्या, "मी रडले होते त्या दिवशी! मीच ती!" पाळकसाहेबांनी टेबलावर हात आपटून पाहिला, तो दुखला. आणि या सगळ्यावर मागून एक आवाज आला, ज्याच्यापुढे ऑर्गनही गप्प बसला असता.

"ताप होता म्हणालात!"

काटेवाल्यांची बायको विणकामाच्या सुया हातात घेऊन उभी होती. "मी समोरच्या चर्चमध्ये बसले होते तुमची वाट बघत! लग्न ठरून आठ दिवस झाले होते! बाबांना म्हटलं, थांबा, येतील ते. दोन तास थांबवलं बाबांना! आणि तुम्ही रस्त्यापलीकडे कुणाला तरी रडवत होतात? घरी येऊन सूप करून पाजलं मी तुम्हाला! चमच्याने!"

"सूप फार चांगलं होतं," काटेवाले म्हणाले. याहून शहाणपणाचं त्यांना काही सुचलं नाही.

"आणि ते एवढं उत्तम झालेलं मी सोडून सगळ्यांनी ऐकलं!" बायको म्हणाली आणि खाली बसली. रागाची खरी जागा ही होती.

पाळकसाहेबांनी कलम अकरा पुन्हा वाचलं, मग मनात वाचलं, मग वहीत बघितलं. "नियमाने बघायचं तर," ते घाबरत म्हणाले, "कोणत्याही मंडळीत उत्तीर्ण झालेला पहिला उपदेश. अकरा फेब्रुवारी. म्हणजे एक नंबर... काटेवाले."

डावी बाजू उभी राहून टाळ्या वाजवू लागली. काटेवाल्यांचा हात आपोआप आतल्या खिशाकडे गेला. आणि तेव्हाच नर्सबाई मधलं अंतर ओलांडून आल्या. टाळ्या एकेक करत थांबल्या. काटेवाल्यांनी डोळे बारीक केले, चापट खायला माणूस करतो तसे.

"एवढासा होतात की तुम्ही," नर्सबाई त्यांना खालून वर न्याहाळत म्हणाल्या. "मी मनात कुणी धिप्पाड धरला होता."

"बाई, मला खरंच माहीत नव्हतं. मी रस्ता चुकलो."

"हरवलेल्या मेंढरावर बोलायला आलात आणि चुकलात?"

कुणीतरी फिसकन हसलं. नर्सबाई हसल्या नाहीत. आवाज मात्र खाली आला. "मी उपाशी होते त्या दिवशी. रात्रभर जागी. वाटेत सगळा उपदेश पाठ म्हणत आले. दारात पोहोचले तर आत दिवे मालवत होते. नंबर घ्या हो तुम्ही, नंबराला मी काय चाटू? मला माझा रविवार पाहिजे."

आता काटेवाल्यांसारख्या माणसाला हे असं सांगायचं नसतं. त्यांचा सगळा जन्म एका पारड्यात काय आणि दुसऱ्यात काय हे बघण्यात गेला होता. एका बाजूला एकतीस पानं, सतरा वर्षं, भरलेलं मोठं चर्च. दुसऱ्या बाजूला एक बाई, पायात एकच चप्पल. त्यांनी शक्य तितका वेळ काढला. पहिल्या पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. सुरुवात किती छान जमली होती! पण काटा हलायचा तसाच हलला.

"तो तुमचाच होता," ते म्हणाले. "पाळकसाहेब, पहिल्या रविवारी सकाळी नर्सबाई. लिहा." आणि लगेच, न राहवून, "पण मग माझी एकतीस पानं?"

नर्सबाईंनी टेबलावरचा कच्चा प्लॅन ओढला आणि त्या तारखेवरून बोट खाली नेत गेल्या. सगळ्या चौकटी भरल्या होत्या. अगदी तळाला एक रिकामी होती.

"टेकडीवरचं चर्च. त्याच दिवशी, दुपारी चार."

"तिथे चौदा माणसं आहेत!"

"बारा. दोघं मुलाकडे राहायला गेली. तिथे वर्षभर कुणी उपदेशक फिरकला नाही. घ्या पेन."

काटेवाल्यांनी पेन घेतलं. त्या चौकटीत त्यांनी एकचा आकडा लिहिला. तो इतका ठसठशीत आला की मागच्या कागदावरही उमटला.

पहिल्या रविवारी सकाळी मोठ्या चर्चमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. बिनऑर्गनचे लोक आधी सवयीने रस्त्यापलीकडे आपल्या दाराशी जमले, मग मोठ्या मनाने रस्ता ओलांडून आले. शंभर वर्षांपूर्वी बाप-आजे ज्या दाराने बाहेर पडले, त्याच दाराने आत शिरताना कुणी डोळे पुसले, कुणी नुसतं छताकडे बघितलं. पहिलं गाणं ऑर्गनवर सुरू झालं तेव्हा डावीकडच्या ओठांना कुलूप होतं. दुसऱ्या कडव्याला एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. तिसऱ्याला सगळे असे सुटले की शंभर वर्षं वाद्याशिवाय तयार झालेले ते गळे ऑर्गनला गिळून पुढे निघून गेले आणि वाजवणारा घाम पुसत त्यांच्या मागे पळत राहिला.

नर्सबाई बावीस मिनिटं बोलल्या. ज्या दिवशी दोन पोरं एका खोलीत जन्माला आली आणि दुसरं यायलाच तयार नव्हतं, त्या दिवसाबद्दल बोलल्या. काटेवाले पहिल्या रांगेत बायकोशेजारी बसले होते. त्रेचाळीस वर्षांत ते पहिल्यांदाच दुसऱ्याचा उपदेश ऐकताना मनात आपला जुळवत नव्हते. बावीस मिनिटं संपली तेव्हा त्यांना वाटलं, आत्ताच तर सुरू झालं होतं.

दुपारी तीनला नर्सबाई स्कूटर घेऊन त्यांच्या दारात उभ्या.

"बसा. टेकडीवर बस जात नाही."

"आणि ही?" काटेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं.

"त्यांना चिटणिसांच्या गाडीतून पुढे जायला सांगितलंय मी," नर्सबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात बायको खरोखरच समोर चिटणिसांच्या गाडीत चढत होती. "मला या वेळी पुढच्या रांगेत जागा हवीय," ती खिडकीतून ओरडली आणि गाडी निघाली.

काटेवाले मागे बसले, एका हाताने कोट धरला, दुसऱ्या हाताने नर्सबाईंची पिशवी. रस्ता चढू लागला. वळणावर स्कूटर इतकी कलली की काटेवाल्यांनी हरवलेल्या मेंढराला जशी हाक मारतात तशीच देवाला मारली.

"किती पानं म्हणालात?" नर्सबाईंनी वाऱ्यातून विचारलं.

"एकतीस!"

"बारा माणसं आहेत, त्यातल्या पाच जणी म्हाताऱ्या. अकरा करा."

"अकरा? सुरुवातच नऊ पानांची आहे!"

"मग म्हणून दाखवा सुरुवात. मी सांगते कुठे कापायचं."

"आत्ता? स्कूटरवर?"

"मग काय पाळण्यात? म्हणा."

काटेवाल्यांनी घसा खाकरला, कोट सोडला, हात वर केला आणि टेकडीच्या उतारावर चरणाऱ्या गाई माना वर करून बघतील इतक्या मोठ्याने पहिलं वाक्य म्हटलं. तिसऱ्या वाक्याला नर्सबाई "हे कापा" म्हणाल्या, चौथ्याला "हे ठेवा" म्हणाल्या, पाचव्याला नुसती स्कूटर हळू केली. वर वळणापाशी छोट्या चर्चचं दार उघडं होतं आणि पायरीवर माणसं उभी राहून खाली रस्त्याकडे बघत होती. काटेवाल्यांनी चालत्या स्कूटरवरूनच मोजलं.

"बाई, बारा नाहीत हो! सतरा आहेत! सतरा!"

"मग खाली उतरा आधी," नर्सबाई म्हणाल्या, "पडाल."

पण काटेवाले तेव्हा सहावं वाक्य सुरू करून बसले होते.